सकाळी टकटक, घाटात खडखड: इंजिन खोलू का?

घाटाखालचा
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल सेडान, १.४ लिटर, मॅन्युअल, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही गाडी घेतलीच कशाला" या वळणावर जातो.

सकाळी स्टार्टर मारला की इंजिनाच्या वरच्या बाजूने टक-टक-टक सुरू होतं. पूर्वी दोन-चार सेकंदांत थांबायचं. आता घरून निघालो की साताऱ्यातला पोवई नाका येईपर्यंत वाजतं, मग हळूहळू विरतं. रेस केली की टकटक भरभर होते.

दुसरी तक्रार वेगळीच. पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला चौथा गिअर, एसी चालू, मागे तिघं बसलेले असले, की पुढून खडखड येते. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखी. पाय सैल केला की लगेच गायब. तिसरा टाकला की कमी.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, एकदा रेस दिली, कान लावला आणि निकाल सांगितला: "बिगेंड गेलंय, इंजिन खाली घ्यावं लागेल." (बिगेंड म्हणजे पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग.) खर्च पन्नास-साठ हजार, "आत काय निघतं त्यावर". दुसऱ्या एकाचा सल्ला, जाड ऑइल घाला, आवाज बंद होईल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासूर
आवाजाची क्लिप टाका की. नुसत्या टकटक-खडखडवरून इथे कोण काय सांगणार?

टॅपेटकाका
क्लिप नको. मोबाइलच्या माइकला सगळी इंजिनं सारखीच ऐकू येतात. माझं आयुष्य चिंचपोकळीच्या गॅरेजात गेलं, आधी फियाट आणि अँबेसेडर, मग मारुती. पोरांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो की आवाज कसा आहे हे नंतर, तो कधी बदलतो ते आधी विचारा. गिऱ्हाईक आवाजाची नक्कल तोंडाने करतं, ती ऐकून काही कळत नाही. पण "गरम झाल्यावर वाढतो का?" या प्रश्नाचं उत्तर कोणीही नीट देतं.

आता तुमचं बघा. टकटक गरम झाल्यावर जाते म्हणता. बिगेंड गेलेलं असेल तर उलट होतं. ऑइल गरम होऊन पातळ झालं की ठोका मोठा होतो. शिवाय तो टकटक नसतो, जड ठक्क असतो, खालून, ऑइलच्या चेंबरकडून येतो. बिगेंडची एक जुनी परीक्षा आहे: गाडी गरम करा, अडीच हजार आरपीएमला धरा आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडा. उतरताना मध्ये एका जागी खड्-खड्-खड् झालं तर बिगेंडवर संशय घ्यावा. मेस्त्रींनी ही केली का? थंड इंजिनाला एक रेस देऊन बिगेंड सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि हे दोन आवाज एकाच दुखण्याचे आहेत असं कोणी ठरवलं? एक थंडपणी, बिनलोडचा. दुसरा गरमपणी, लोडवर. मला तर दोन वेगळे आजार दिसतात.

अंबडची_इंजिनिअर
काकांशी सहमत, फक्त क्लिपच्या बाबतीत थोडी भर घालते (नाशिकला इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे आवाज मोजणं हे पोटापाण्याचं काम).

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला ८०० आरपीएम असेल तर क्रँकची एक फेरी ७५ मिलिसेकंदांत आणि कॅमची १५० मिलिसेकंदांत. एकच टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला दुवा) वाजत असेल तर दोन ठोक्यांमध्ये १५० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला सहा-सात टक. कानाने हे मोजता येत नाही. पण फोनवर रेकॉर्ड करून, आवाजाची लाट दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट ॲपमध्ये अंतर मोजता येतं. १५० आलं तर संशय वरच्या मजल्यावर. ७५ आलं तर क्रँकच्या वेगाने फिरणाऱ्या भागांवर. जुन्या गाड्यांत हेच काम टायमिंग लाइटने व्हायचं: एका प्लगच्या वायरीला चिमटा लावायचा आणि प्रत्येक फ्लॅशला एक ठोका की दोन ते बघायचं.

दोन अडचणी आहेत. दोन टॅपेट वाजत असतील तर मधलं अंतर फसवं येतं. आणि बिगेंड बऱ्याचदा पॉवर स्ट्रोकलाच जोरात ठोकतं, म्हणजे तेही दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून शेवटचा निकाल सिलिंडर बंद करून लावायचा. आयडलवर एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढा. ज्या सिलिंडरला ठोका स्पष्ट कमी होतो तिथे बिगेंड किंवा पिस्टनकडे बघा, कारण तिथला दाबच गेला. टॅपेटला सिलिंडरमधल्या दाबाशी देणंघेणं नाही, तो तसाच वाजत राहतो. कॉइलचा सॉकेट काढू नका, इंजेक्टरचाच काढा. कॉइल काढलीत तर न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

वऱ्हाडी_स्टिअरिंग
राजेहो, टॅपेट हायड्रॉलिक हाय का साधे, हे तर कोणी विचारूनच नाही राहिलं! साधे असले त फिलर गेज (फट मोजाची पातळ पानं) लावून सेट करा, शंभर-दोनशेत काम होते. आमच्याकडं लोक याच्यासाठी इंजिन उतरवून राहिले.

टॅपेटकाका
बरोबर बोललात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह क्लिअरन्सचा, म्हणजे टॅपेटच्या फटीचा, आकडा दिलेला असेल तर टॅपेट साधे. आकडाच नसेल, "ॲडजस्टमेंटची गरज नाही" लिहिलं असेल तर हायड्रॉलिक. जुन्या ८०० ला रॉकरवर स्क्रू आणि नट असायचा, अर्ध्या तासात चारही सिलिंडर... माफ करा, तीनच. होंडा सिटीच्या १.५ आय-व्हीटेकला अजूनही स्क्रूच आहे: इनटेकला ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३०. काही इंजिनांत स्क्रूही नसतो, व्हॉल्व्हवर वाटीसारख्या बकेट असतात. तिथे माप चुकलं तर दुसऱ्या जाडीची बकेट आणून बसवायची. वेळखाऊ काम.

आणि वऱ्हाडी भाऊ, ते माप थंड इंजिनावरच घ्यायचं हं. होंडाच्या पुस्तकात हेडचं तापमान ३८ अंशांच्या खाली असताना, असं स्पष्ट लिहिलंय.

वऱ्हाडी_स्टिअरिंग
३८ च्या खाली? नागपूरले मे महिन्यात? पहाटे चारले उठून करा लागते मंग. दुपारी त गाडी उभ्या-उभ्याच गरम हाय.

घाटाखालचा
मॅन्युअल काढून बघितलं. क्लिअरन्सचा आकडा नाही. म्हणजे हायड्रॉलिक. मग हे आपोआप ॲडजस्ट होतात ना? तरी वाजतात कसे?

अंबडची_इंजिनिअर
आपोआप होतात ते ऑइलच्या जोरावर. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये एक छोटा प्लंजर असतो, त्याखाली स्प्रिंग आणि एक गोळी, एकेरी झडपेसारखी. ऑइल आत येतं, गोळी मागचा रस्ता बंद करते. कॅमचा उंचवटा दाबायला येतो तेव्हा आतलं ऑइल दाबलं जात नाही, म्हणून टॅपेट घन दांड्यासारखा वागतो. प्रत्येक दाबाला अगदी कणभर ऑइल गळतं, कॅमचा गोल भाग आला की ते परत भरतं. म्हणून फट शून्य आणि आवाज नाही.

गाडी बंद असते तेव्हा काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. त्यांच्या स्प्रिंगचा दाब रात्रभर त्या टॅपेटवर असतो आणि आतलं ऑइल हळूहळू निघून जातं. सकाळी तो रिकामा असतो, भरेपर्यंत वाजतो. इंजिन कुठल्या स्थितीत थांबलं यावर कोणता टॅपेट रिकामा होणार ते ठरतं, म्हणून एखाद्या सकाळी आवाज येतो, एखाद्या सकाळी येत नाही. हे दोन-चार सेकंदांपुरतं असेल तर आजार नाही.

पोवई नाक्यापर्यंत वाजणं म्हणजे मात्र ऑइल वेळेवर पोचत नाहीये, किंवा पोचतंय ते हवा मिसळलेलं आहे, किंवा टॅपेटच्या आत चिकट थर बसून गोळी नीट बसत नाहीये. हवा दाबली जाते. फेसाळलेल्या ऑइलवर चालणारा टॅपेट स्पंजासारखा दबतो आणि वाजतो. म्हणून पहिला प्रश्न: गेज काठीवर ऑइल कुठे आहे, आणि शेवटचं ऑइल कोणी, किती आणि कोणत्या फिल्टरसह घातलं?

शंकासूर
हवा कशी मिसळेल? ऑइलच्या सर्किटमध्ये हवा शिरायला भोक कुठे आहे?

अंबडची_इंजिनिअर
दोन्ही टोकांनी शिरते. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा चढावर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ऑइल जास्त असेल तर क्रँक त्यात बुडून घुसळतो आणि फेस होतो. लोक "थोडं जास्तच बरं" म्हणून मॅक्सच्या वर भरतात, ते बरं नाही.

फिल्टरचं कारण वेगळं. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची झडप असते, ती गाडी बंद असताना ऑइल मागे चेंबरमध्ये उतरू देत नाही. स्वस्त लोकल फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते, किंवा नीट बसतच नाही. मग रोज सकाळी पंपाला आधी फिल्टर भरायचा, मग गॅलऱ्या (ऑइलच्या वाटा), आणि शेवटी वरचे टॅपेट. टॅपेट सगळ्यात वर, म्हणून त्यांना सगळ्यात उशिरा.

टॅपेटकाका
आणि टॅपेट आहे की नाही हेच आधी नक्की करा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर ठेवा, मूठ कानाला. एका जागी कर्णकर्कश आणि बाजूला मंद, तर तिथलाच टॅपेट. बाह्या वर, बेल्ट आणि पंख्यापासून लांब, आणि इलेक्ट्रिक फॅन बंद इंजिनावरही अचानक फिरतो हे लक्षात ठेवा.

टॅपेटसारखा टिकटिकणारा दुसरा भामटा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. स्टड तुटला किंवा गॅस्केट फाटलं की तिथून फुस्-फुस् येते, ती लांबून टिकटिक वाटते. तीही थंडपणी जोरात आणि गरम झाल्यावर धातू पसरून बंद. तुमच्यासारखीच लक्षणं! फरक ओळखायचा तर जोडावर काजळी दिसते का बघा. तिसरा भामटा पर्ज व्हॉल्व्ह, तो पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडतो, त्याची टिकटिक रेसशी जुळत नाही. नळी हाताने धरली की ठोका बोटांना जाणवतो. एकदा एक गिऱ्हाईक त्या पर्ज व्हॉल्व्हपायी हेड खोलायला तयार झालं होतं. काय म्हणावं आता.

मिशिगनमधून
इकडचा एक अनुभव. अमेरिकेत मोठ्या पिकअपना अजून पुशरॉडचे व्ही-८ येतात, आणि त्यातल्या काहींत चालता-चालता निम्मे सिलिंडर बंद करणारे खास टॅपेट असतात. त्यातला एखादा अडकला की टिकटिक सुरू होते आणि दुर्लक्ष केलं तर तो कॅमचा उंचवटाच खरवडून टाकतो. तेव्हा "टॅपेट आहे, काही होत नाही" हे प्रत्येक इंजिनाला लागू नाही. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची भुकटी बघत राहा. बारीक करडी पेस्ट चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत.

अवांतर: हायड्रॉलिक टॅपेट नवीन नाहीत. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ते होते, सोळा सिलिंडरचं इंजिन शांत चालावं म्हणूनच. नॉकिंगचा, म्हणजे इंधन नीट न जळता इंजिन ठोकण्याचा, इतिहास त्याहून जुना. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या बॅटरी इग्निशनमुळे इंजिनं ठोकतात असा आळ आला होता. शोध घेता-घेता दोष इंधनाच्या जळण्यात निघाला, आणि १९२१ मध्ये त्याच्या हाताखालच्या मिजलीने त्यावर उतारा म्हणून शिशाचं संयुग शोधलं. पुढे ते विष सगळ्या जगाच्या पेट्रोलमध्ये गेलं. भारतात ते पूर्णपणे जायला २००० साल उजाडलं.

घाटाखालचा
वा, माहितीचा खजिना. ऑइल बघितलं. गाडी सपाट जागेवर, रात्रभर उभी. काठीवर मॅक्सच्या बऱ्यापैकी वर! बिल शोधलं: मागच्या सर्व्हिसला रस्त्यावरच्या एका दुकानात अख्खा चार लिटरचा डबा ओतलेला. मॅन्युअल म्हणतं फिल्टरसकट साडेतीन. फिल्टरवर कुठल्याही ओळखीच्या कंपनीचं नाव नाही.

पण घाटातली खडखड ऑइलमुळे नसणार ना? ती मला जास्त घाबरवते.

अंबडची_इंजिनिअर
नाही, तो वेगळा प्राणी. तुम्ही दिलेलं वर्णन पाठ्यपुस्तकातलं आहे: जास्त लोड, कमी आरपीएम, पाय काढला की लगेच बंद. हे खरं नॉकिंग, म्हणजे जळण्यातला घोटाळा. कुठलाही भाग सैल झालेला नसताना हा आवाज येतो.

प्लगने ठिणगी टाकली की ज्योत एका बाजूने पसरत जायला हवी. ती पोचायच्या आधी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाची लाट भिंतींवर आपटते. ७०-७५ मिलिमीटर बोअरच्या इंजिनात ती साधारण साडेसहा ते आठ हजार हर्ट्झला वाजते. म्हणून तो आवाज असा धातूचा, किरकिरा येतो. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर नेमकी तीच वारंवारता ऐकत असतो. त्याला ऐकू आलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी थोडी उशिरा टाकतो. तरीही तुम्हाला कानाने ऐकू येतंय म्हणजे एकतर सेन्सर नीट ऐकत नाही किंवा मागे सरकवूनही पुरत नाही.

सेन्सर बदलताना बोल्ट अंदाजाने आवळू नका. बॉशच्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर लागतात. जास्त किंवा कमी आवळला तर तो बहिरा होतो. वायर उंदराने कुरतडली असेल तर बहुधा पी०३२५ सारखा कोड येतो.

शंकासूर
सरळ सांगा ना, ई-२० पेट्रोलची कृपा आहे. त्या इथेनॉलने सगळ्या गाड्या ठोकायला लागल्यात. व्हॉट्सॲपवर रोज येतंय.

अंबडची_इंजिनिअर
इथेनॉलवर राग काढायला बरीच कारणं असतील, पण नॉकिंग हे त्यातलं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) १०८ च्या आसपास. ई-२० येण्याआधी आपल्या साध्या पेट्रोलचा किमान ९१ होता. वीस टक्के मिसळलं की मिश्रण ९५ च्या घरात जातं, म्हणजे नॉकिंग कमी व्हायला हवं. शिवाय इथेनॉल बाष्प होताना मिश्रण थंडही करतं.

पण आडवाटेने संबंध असू शकतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ईसीयू ते ऑक्सिजन सेन्सर बघून देतो. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉल सैल करतं आणि तो पंपाच्या जाळीत अडकतो. मग चढाला, नेमकं जास्त पेट्रोल लागतं तेव्हा, पुरवठा कमी पडतो. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण गरम जळतं आणि ठोकतं.

हे स्वस्तात तपासता येतं. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) घ्या, ॲपमध्ये "लाँग टर्म फ्यूल ट्रिम" बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय ते. पाच-आठ टक्के अधिक असेल तर ई-२० च्या हिशेबाने समजू शकतं. पंधराच्या वर असेल तर काहीतरी आहे. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर इनटेकला कुठेतरी हवा गळतेय. उलट, लोडवर वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय.

टॅपेटकाका
प्लगही काढून बघा. हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती गरम राहतो याचा, घोळ फार होतो. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ जवळपास सारखे. दुकानदार "आकडा तोच, कंपनी दुसरी" म्हणून देतो आणि चुकीच्या हीट रेंजचा प्लग बसतो.

आणि राग मानू नका, पण खंबाटकी चौथ्याला ओढायची कशाला? इंजिन गुदमरतं. तिसऱ्याला तीन हजारावर आरामात चढते. लोकांना वाटतं आरपीएम वाढलं की इंजिन झिजतं. खरा त्रास कमी आरपीएमला पाय दाबून धरल्याने होतो.

मिशिगनमधून
काकांना +१. टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत तर ही सवय महागात पडते. तिथे कमी आरपीएमला ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एका झटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. त्याचाही विचार करून ऑइलचा एपीआय एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, त्यात कॅल्शियमचं प्रमाण आटोक्यात ठेवतात. टर्बोवाल्यांनी डब्यावर एसपी बघूनच घ्या.

कोकणकडा७७
माझी शंका घुसडतो. गाडी सीएनजी, मारुतीसारखेच साधे टॅपेट. आवाज अजिबात नाही, उलट पूर्वीपेक्षा शांत. पण सकाळी आयडल हलतं आणि चिपळूणहून कुंभार्ली चढताना दम लागतो. टॅपेटचा काही संबंध?

टॅपेटकाका
आहे, आणि तुमचा प्रकार वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा वाईट. सीएनजी कोरडा वायू. पेट्रोलसोबत व्हॉल्व्ह सीटला जी थोडी ओल आणि गारवा मिळतो तो मिळत नाही. सीट झिजते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत-होत संपते. फट संपली की आवाज जातो. गिऱ्हाईक खूश, "गाडी काय शांत झाली!" आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. त्याला सीटवर टेकूनच थंड व्हायचं असतं. टेकला नाही की कड जळते.

म्हणून आमच्या गॅरेजात सांगायचे, टॅपेट किंचित बोलले पाहिजेत. लवकर फिलर लावून बघा, आणि कॉम्प्रेशनही तपासून घ्या. एका सिलिंडरला बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर हेड खोलणं आलं. नॉकिंगची भीती मात्र तुम्हाला नाही, सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलच्या कितीतरी वर असतो.

कोकणकडा७७
बाप रे. शांततेवर खूश होतो मी. शनिवारीच घेऊन जातो.

घाटाखालचा
मंडळी, प्रगती सांगतो. मेस्त्री बदलला.

ऑइल पूर्ण काढलं, झडपवाला चांगला फिल्टर बसवला, ५डब्ल्यू-३० बरोबर साडेतीन लिटर, काठीवर मॅक्सच्या जरा खाली. काढलेलं ऑइल उन्हात धरून बघितलं, चकाकी नाही. नव्या मेस्त्रींनी जुना फिल्टर कापून कागद पसरला. त्यांचं म्हणणं, बेअरिंगचा वरचा पातळ थर झिजला की खालचं तांबं दिसायला लागतं, आणि तांबूस कण चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नये. कागद स्वच्छ.

मग ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी घड्याळ (दाब दाखवणारं गेज) लावलं. पूर्ण गरम इंजिन, आयडलला १.४ बार, तीन हजाराला ३.८. काकांची सोडून बघायची परीक्षा केली, उतरताना काही नाही. इंजेक्टरचे सॉकेट एकेक काढले, खालचा कुठलाच आवाज बदलला नाही. बिगेंड निर्दोष.

अंबडची_इंजिनिअर
छान! १.४ बार गरम आयडलला म्हणजे २० पीएसआय. मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब हजार आरपीएमला १० पीएसआय असा असतो, त्यात तुम्ही आरामात आहात. एक सांगते, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा बंद आहे म्हणजे प्रेशर चांगलं, असं समजू नका. तो बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच पेटतो, तोवर खूप उशीर झालेला असतो. घड्याळ लावणं हाच खरा पुरावा.

टकटक कमी झाली का?

घाटाखालचा
बरीच. नाक्यापर्यंतची आता गल्लीच्या तोंडापर्यंत आली. एक टॅपेट, बहुधा तिसऱ्या सिलिंडरचा, अजून थोडा वेळ वाजतो. नवे मेस्त्री म्हणतात फ्लश (इंजिन आतून धुवायचं केमिकल) मारू. मारू का? जाड ऑइलचं काय?

टॅपेटकाका
इतकं रनिंग झालेल्या इंजिनाला फ्लश माझ्या हाताने तरी नाही. आतला गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. आणि रॉकेल घालून इंजिन धुवायचा सल्ला दिला तर तिथून चालते व्हा. त्यापेक्षा हेच चांगलं ऑइल निम्म्या अंतराने बदला, दोन-तीन बदलांत ते हळूहळू धुऊन काढतं.

जाड ऑइलने आवाज दबतो, खरं आहे. जुनी गाडी विकणारे एजंट विकण्याआधी २०डब्ल्यू-५० कशासाठी ओततात? पण सकाळी थंडपणी ते वर चढायलाच वेळ लावतं, आणि टॅपेटची अडचण नेमकी सकाळचीच आहे.

शंकासूर
मग सेकंडहँड गाडी बघायला जाताना काय करायचं?

टॅपेटकाका
आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिलं बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन परत या.

घाटाखालचा
घाटाची गोष्ट उरली होती. डोंगल आणला. आयडलला ट्रिम अधिक सात. खंबाटकी चढताना शेजारी बसलेल्या भावाने बघितलं: सतरा-अठरा! ताईंनी म्हटल्याप्रमाणे लोडवर वाढतंय. फ्यूल प्रेशरचं घड्याळ लावलं, आयडलला साडेतीन बार, बरोबर पुस्तकातलं, पण बाहेर लोडवर अडीचच्या जवळ उतरतंय. मागचं सीट उचलून टाकीतला पंप काढला तर जाळी काळ्या गाळाने भरलेली. जाळी बदलली, टाकी साफ केली. पंप तोच ठेवला. प्लग बघितले, मूळ नंबरचेच होते.

परवा परत खंबाटकी चढलो. तिसऱ्याला चिडीचूप. मुद्दाम चौथ्याला ओढून बघितली (काका, माफी), तर एक-दोनदा अगदी हलकी किरकिर, मग नाही. ट्रिम आता लोडवर नऊच्या आसपास.

अंबडची_इंजिनिअर
नऊ चालेल. ती एक-दोनदाची किरकिर म्हणजे नॉक सेन्सर ऐकून ठिणगी मागे घेतोय. ते त्याचं कामच आहे. पिस्टनच्या डोक्यावर थोडा कार्बन असेल, आता हायवेच्या रनिंगने तो कमी होईल.

तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटचं काही महिने बघा. बदलायची वेळ आलीच तर कॅम उचलावा लागेल, मग टायमिंग बेल्टही तेव्हाच करून घ्या. नवे टॅपेट ऑइलमध्ये भिजवून बसवायचे, आणि बसवल्यावर निदान अर्धा तास इंजिन फिरवायचं नाही. ते फुगलेले असले तर व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतात आणि पिस्टन जाऊन आपटतो. मेस्त्रींना हे आठवणीने सांगा, घाईत विसरतात.

वऱ्हाडी_स्टिअरिंग
म्हंजे साठ हजाराचं काम फिल्टर, ऑइल अन् जाळीत निपटलं. त्या पहिल्या मेस्त्रीले पेढे न्या भाऊ, त्यानं इंजिन खोललं नाही म्हणून!

कोकणकडा७७
माझा निकाल: दोन एक्झॉस्टची फट शून्य, फिलरचं सगळ्यात पातळ पानही जात नव्हतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आलं, म्हणजे व्हॉल्व्ह अजून जळलेले नाहीत. बकेट बदलून माप केलं. आता टॅपेट किंचित बोलतात. काका, आता पुढचं माप किती किलोमीटरने घ्यायचं?

टॅपेटकाका
मॅन्युअल म्हणतं त्याच्या निम्म्याने घ्या, सीट अजून झिजतेच आहे. आणि आज केलेली सगळी मापं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुठला व्हॉल्व्ह किती सरकला हे त्यावरूनच कळेल.